झटक्यानंतर पुन्हा स्टिअरिंगवर : मेंदूची तयारी कशी तपासतात?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस नीट बोलू लागला, काठीशिवाय घरभर फिरू लागला, की एक प्रश्न हमखास निघतो : आता गाडी कधीपासून चालवायची? बहुतेक घरांत त्याचं उत्तर हातापायांकडे बघून दिलं जातं. मूठ घट्ट वळते, क्लच पूर्ण दाबला जातो, मग अडचण कसली? रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात एक चक्कर होते, कुठे घासत नाही, आणि सोमवारी गाडी मुख्य रस्त्यावर येते.

या हिशेबात मेंदू धरलेलाच नसतो. लक्ष किती वेळ टिकतं, दोन्हीकडचं एकाच वेळी दिसतं का, अंतराचा अंदाज येतो का, अचानक काही आडवं आलं तर निर्णय वेळेत होतो का, हे हातापायांच्या ताकदीवरून कळत नाही. त्याची वेगळी तपासणी असते. ती कशी होते आणि कुठे गडबड होते, ते आपण क्रमाने पाहू.

सोबत एक उदाहरण ठेवू. पासष्टी ओलांडलेले एक काका आहेत असं समजा. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला, त्यामुळे शरीराची डावी बाजू लुळी पडली होती. काही महिन्यांच्या व्यायामाने ती बरीच सुधारली. बोलणं स्वच्छ, आठवण पक्की, गाडी चालवण्याचा अनुभव दांडगा. अशा रुग्णांबद्दल घरचे सगळ्यात निर्धास्त असतात. माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी यांचीच घ्यायला हवी, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

ही तपासणी व्यवसायोपचारतज्ज्ञ करतात. रुग्णालयात त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. आंघोळ, कपडे घालणं, स्वयंपाक, पैशांचे व्यवहार, प्रवास ही रोजची कामं आजारानंतर माणसाला पुन्हा जमावीत, यासाठी ते झटतात. या विषयाचं भारतातलं पहिलं विद्यालय मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 मध्ये सुरू झालं, ते कमलाबाई निंबकर यांच्या प्रयत्नांनी. त्यामुळे हे शास्त्र महाराष्ट्राला नवं नाही. फक्त गाडी चालवण्याच्या प्रश्नासाठी त्यांच्याकडे जायचं असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

गाडी चालवताना मेंदू नेमकं काय करतो, हे आधी समजून घेऊ. जॉन मिशॉन या डच मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये त्याचे तीन थर मांडले आणि आजही तज्ज्ञ तीच मांडणी वापरतात. सगळ्यात वरचा थर नियोजनाचा : आज निघायचं का, पावसात जायचं का, घाटाचा रस्ता टाळायचा का. मधला थर रस्त्यावरच्या डावपेचांचा : पुढच्या ट्रकला ओलांडायचं की मागेच राहायचं, किती अंतर ठेवायचं, लेन कधी बदलायची. खालचा थर प्रत्यक्ष हालचालींचा : स्टिअरिंग, ब्रेक, गिअर, आरसे.

जुन्या, सराईत चालकाचा खालचा थर इतका मुरलेला असतो की झटक्यानंतरही तो बराचसा शाबूत राहतो. गिअर आपोआप पडतो, हाफ क्लचवर गाडी चढावाला थांबते. घरचे तेच बघतात आणि म्हणतात, हात अजून तसाच आहे. बिघाड बहुतेकदा मधल्या थरात असतो. रिकाम्या आवारात मारलेल्या चक्करमध्ये त्या थराची परीक्षाच होत नाही.

पहिली पायरी डॉक्टरांची. झटका येऊन किती दिवस झाले, फीट आली होती का, रक्तदाब आणि साखर आटोक्यात आहे का, चक्कर येते का, हे न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिशियन बघतात. ब्रिटनमध्ये झटक्यानंतर निदान 1 महिना मोटार चालवायची नाही असा नियम आहे, आणि बस-ट्रकच्या चालकांना 1 वर्ष थांबावं लागतं. ऑस्ट्रेलियात खासगी गाडीसाठी 4 आठवडे सांगितले आहेत. आपल्याकडे हा निर्णय त्या त्या डॉक्टरांवर असतो. म्हणून डिस्चार्ज घेताना आपण होऊन विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

औषधांची यादीही त्याच भेटीत दाखवा. झोपेच्या गोळ्या, काही फीटच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या यांनी सुस्ती येते. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या यादीतून हटकून सुटतात. त्याही लिहा.

आता लायसनबद्दल. साध्या गाडीच्या लायसनसाठी भरायच्या फॉर्म 1 मध्ये आपणच आपल्या तब्येतीची कबुली देतो : फीट किंवा बेशुद्धीचे झटके येतात का, 25 मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हातापायांत अधूपण आहे का. चाळिशीनंतर डॉक्टरांनी भरलेला फॉर्म 1-अ लागतो. लक्ष किती टिकतं किंवा अंदाज किती अचूक आहे, याचा स्वतंत्र रकाना या कागदांत नाही. शिवाय पंचावन्ननंतर साध्या गाडीच्या लायसनचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी होतं. नूतनीकरणानंतर दोन महिन्यांनी झटका आला, तर पुढची जवळजवळ पाच वर्षं खिशातलं लायसन वैधच दिसत राहतं. लायसन आहे म्हणजे चालवण्यालायक आहे, असं म्हणूनच धरून चालता येत नाही.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की थेरपिस्टची पहिली भेट. ही जवळजवळ पूर्ण गप्पांचीच असते आणि लोकांना ती वेळ घालवण्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तज्ज्ञाला अर्धं चित्र इथेच मिळतं. आठवड्यात कुठे कुठे जायचं असतं? रात्री चालवावं लागतं का? गाडी गिअरची की ऑटोमॅटिक? मागच्या वर्षभरात कुठे घासली, कुणी हॉर्न मारून शिव्या दिल्या, रस्ता चुकला असं झालं का? झटक्यानंतर एकदा तरी चालवून पाहिलं का?

या गप्पांत तज्ज्ञ एक गोष्ट बारकाईने जोखत असतात : आपल्यात काय बदललं आहे, हे या माणसाला कळतं का? काका म्हणाले, "डावीकडचं कधीकधी निसटतं, म्हणून मी मान वळवून बघतो," तर ही चांगली खूण. काका म्हणाले, "मला काहीच झालेलं नाही, डॉक्टर उगाच घाबरवतात," आणि त्याच वेळी डावीकडे ठेवलेला चहाचा कप त्यांच्या ध्यानातच आलेला नाही, तर गोष्ट गंभीर आहे. मेंदूच्या उजव्या बाजूच्या इजेत स्वतःची उणीवच न जाणवणं हे आजाराचं लक्षण असू शकतं. तो हट्ट समजून घरचे भांडत बसतात आणि दोघंही थकतात. ज्याला उणीव कळते तो सावध राहतो, वेग कमी ठेवतो, रात्री टाळतो. ज्याला ती कळतच नाही, त्याला या सवयी लावणं फार अवघड जातं.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, घरच्यांनी रुग्णाच्या वतीने बोलणं. प्रश्न काकांना आणि उत्तर काकूंचं : "अहो, त्यांना सगळं आठवतं हो, अगदी शाळेतल्या बाकापासून." उत्तर शोधायला काकांना किती वेळ लागतो, हेच तज्ज्ञाला बघायचं असतं. दुसरी, झाकपाक. बंपरवरचा पोचा, गेटला घासलेली बाजू, सिग्नलला उशिरा लागलेला ब्रेक या गोष्टी काकांसमोर सांगायला काकूंना जड जातं. म्हणून बरेच तज्ज्ञ घरच्यांशी दहा मिनिटं वेगळं बोलतात. तशी वेळ कुणी दिली नाही तर आपण मागून घ्या.

पुढची पायरी डोळे आणि शरीर. मान दोन्हीकडे पुरती वळते का, पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर झटकन येतो का, तळव्याला पेडल जाणवतं का, हे पाहिलं जातं. एक सोपी चाचणी अशी : 10 फूट चालत जायचं, वळायचं आणि परत यायचं, जमेल तितकं भरभर. याला 9 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पुढची तपासणी अधिक काळजीने करतात. शरीराची उणीव बऱ्याचदा गाडीत बदल करून भरून काढता येते. डावा पाय कमजोर असेल तर ऑटोमॅटिक गाडीने निम्मा प्रश्न सुटतो.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र थांबावं लागेल. चष्म्याचा नंबर बरोबर असूनही समोरच्या दृश्याचा अर्धा भाग न दिसणं, हे झटक्यानंतर होऊ शकतं. दोन्ही डोळ्यांनी एकाच बाजूचं दिसेनासं होतं. याला दृष्टिक्षेत्र कमी होणं म्हणतात आणि ते नेत्ररोगतज्ज्ञाकडे यंत्रावर मोजतात. ब्रिटनमध्ये मोटार चालवायला आडवं 120 अंशांचं क्षेत्र लागतं, यावरून त्याचं महत्त्व ध्यानात येईल. चष्म्याच्या दुकानात अक्षरं वाचून आलो म्हणजे हे तपासून झालं, असं मुळीच नाही.

याहून फसवा प्रकार दुर्लक्षाचा. यात डोळ्याला दिसतं, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. उजव्या मेंदूला इजा झाली की बहुधा डावी बाजू अशी निसटते. तज्ज्ञ काकांच्या समोर बसतात, दोन्ही हात बाजूंना पसरतात आणि बोटं हलवतात. फक्त डावीकडचं बोट हललं तर काका लगेच म्हणतात, "डावं." फक्त उजवीकडचं हललं तर "उजवं." मग दोन्ही बोटं एकदम हलवली जातात आणि काका ठामपणे म्हणतात, "उजवं." डावं बोट तेवढ्याच जोरात हलत असतं, ते त्यांच्या लेखी नसतंच.

हे रस्त्यावर आणून बघा. रिकाम्या गल्लीत डावीकडून सायकल आली तर काकांना ती दिसेल. उजवीकडून पीएमपीची बस चालली असेल तर तीच सायकल नाहीशी होईल. त्यात आपल्या गाड्यांना स्टिअरिंग उजवीकडे. म्हणजे गाडीचा जवळजवळ सगळा पसारा चालकाच्या डाव्या हाताला. फुटपाथ, उभी रिक्षा, रस्त्याकडेने चालणारी माणसं, डावीकडून फटीत शिरणाऱ्या दुचाक्या, सगळं त्याच बाजूला. आपल्याकडच्या चालकाला डाव्या बाजूचं दुर्लक्ष परवडणारंच नाही. काकांची सर्वांत जास्त काळजी का घ्यायची, ते यासाठी.

आता टेबलावरच्या चाचण्या. कागद, पेन्सिल आणि घड्याळ एवढंच साहित्य असतं.

एक चाचणी घड्याळ काढण्याची. कोऱ्या कागदावर गोल काढा, आकडे भरा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. यात बघण्यासारखं बरंच असतं. काही जण सगळे आकडे उजव्या अर्ध्यातच कोंबतात, डावा अर्धा कोरा. काही जण आकडे सुरेख भरतात आणि मिनिटकाटा 2 वर नेण्याऐवजी 10 वर ठेवतात, कारण कानावर "दहा" पडलं आणि मेंदू त्या आकड्याकडे ओढला गेला. पहिल्या चुकीत जागेचं भान दिसतं. दुसरीत मनाला आवर घालून विचार करण्याची क्षमता दिसते. रस्त्यावर दोन्ही लागतात.

दुसरी, आकडे जोडण्याची चाचणी, म्हणजे ट्रेल मेकिंग टेस्ट. पहिल्या भागात कागदभर विखुरलेली 25 वर्तुळं 1, 2, 3 अशी क्रमाने रेघेने जोडायची. दुसऱ्या भागात आकडा आणि अक्षर आळीपाळीने : 1 नंतर ए, मग 2, मग बी, असं 13 पर्यंत. चुकलं तर तज्ज्ञ लगेच दाखवून देतात, पण स्टॉपवॉच चालूच राहतं. दुसऱ्या भागाला 3 मिनिटांहून जास्त वेळ लागला तर तो धोक्याचा इशारा धरतात. एकाच वेळी दोन धागे हातात ठेवायचे आणि एकावरून दुसऱ्यावर जायचं, ही क्षमता यात मोजली जाते. गाडी चालवताना आपण पुढची गाडी, आरसा, सिग्नल आणि सोबतच्याचं बोलणं असंच आळीपाळीने सांभाळत असतो.

याशिवाय चक्रव्यूहातून वाट काढणं, कागदभर पसरलेल्या लहानमोठ्या ताऱ्यांतले फक्त लहान तारे खोडणं, मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेली मोका नावाची प्रश्नावली अशाही चाचण्या असतात. ताऱ्यांच्या कागदावर काकांची पेन्सिल मधल्या रेघेपर्यंत येते आणि तिथेच थांबते. "झालं?" असं विचारलं की ते समाधानाने "झालं" म्हणतात. शेजारी बसलेल्या मुलीला प्रथमच कळतं की बाबांच्या जगाचा एक तुकडा गळून पडला आहे. पुष्कळ घरांत "गाडी नको" हे डॉक्टरांनी सांगून पटलेलं नसतं, ते हा कागद बघून पटतं.

इथल्या चुका बारकाईने सांगायला हव्यात, कारण इथे माणसावर अन्यायही होऊ शकतो.

भाषा आणि शिक्षण ही मोठी अडचण. ज्यांनी एबीसीडी सराईतपणे कधी वापरलीच नाही, त्यांना ट्रेल मेकिंगच्या दुसऱ्या भागात जास्त वेळ लागणारच. तो मेंदूचा दोष धरता येत नाही. त्यांच्यासाठी अक्षरांऐवजी दोन रंगांची वर्तुळं असलेली कलर ट्रेल्स ही चाचणी आहे. चौथी शिकलेला पण आयुष्यभर टेम्पो चालवलेला माणूस कागद-पेन्सिल बघूनच बिचकतो. आपल्या घरचं माणूस असं असेल तर सुरुवातीलाच सांगा, आणि चाचणी मराठीतून किंवा घरी जी बोली असेल तिच्यातून घ्यायला लावा.

थकवा ही दुसरी. तासभर प्रवास, रांगेत दोन तास आणि मग चाचणी, असं झालं तर निकाल काकांचा नसून त्यांच्या थकव्याचा असतो. सकाळची वेळ मागा. चष्मा, श्रवणयंत्र विसरू नका. चष्म्याविना दिलेली चाचणी म्हणजे सगळी मेहनत वाया.

तिसरी चूक प्रेमापोटी होते. मुलं मोबाइलवर त्याच चाचण्या शोधून वडिलांकडून आठवडाभर घोटून घेतात. गुण वाढतात, रस्त्यावरचं भान तिथेच राहतं. कृपा करून हे करू नका. इथे पास होण्याचा फायदा कुणालाच नसतो, आणि काकांना तर अजिबात नाही.

सगळे कागद झाले की निकाल तीनपैकी एका गठ्ठ्यात पडतो. काहींचं सगळंच स्वच्छ असतं. काहींचं इतकं बिघडलेलं असतं की रस्त्यावर नेणंच धोक्याचं. मधला गठ्ठा सर्वांत मोठा : दोन चाचण्या बऱ्या, एक वाईट, एक काठावर. एखाद्याच चाचणीच्या गुणांवरून कुणाला हो किंवा नाही सांगितलं, तर ते पूर्ण मूल्यमापन म्हणता येत नाही. टेबलावरच्या चाचण्या धोक्याची दिशा दाखवतात. कागदावर काठावर असलेला माणूस रस्त्यावर उत्तम चालवू शकतो, आणि उलटही होतं.

काही केंद्रांत सिम्युलेटर, म्हणजे पडद्यासमोर बसून गाडी चालवायचं यंत्र, वापरतात. त्यावर मूल अचानक आडवं आणता येतं, तेही कुणाला इजा न होता. मात्र काहींना त्यावर मळमळतं आणि वयस्करांना ते खेळण्यासारखं वाटतं. सोय असेल तर चांगलं, नसेल तर अडत नाही.

खरी कसोटी रस्त्याची. यासाठी ड्युअल कंट्रोलची गाडी लागते, म्हणजे शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असलेली. आपल्याकडच्या नियमांनुसार ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारींना अशी सोय असावीच लागते. म्हणून चांगल्या स्कूलच्या अनुभवी प्रशिक्षकाला सोबत घेऊन ही तपासणी आपल्या गावातही जुळवता येते. लायसन चालू असायला हवं. विमा लागू राहील का, हे स्कूलकडून आधी लेखी विचारून घ्या. घरच्या गाडीत, मुलाला शेजारी बसवून, हँडब्रेकच्या भरवशावर केलेली तपासणी कुणीही सुचवली तरी नाकारा.

प्रशिक्षक शेजारी बसतो, त्याचं काम सुरक्षितता. तज्ज्ञ मागे बसून नोंदी करतात. रस्ता आधीच ठरलेला असतो : सुरुवातीला शांत कॉलनी, मग गतिरोधक आणि शाळा, मग सिग्नलचा चौक, मग सर्कल, उजवं वळण, मंडईकडची गर्दी, आणि जमलं तर थोडा वेगाचा रस्ता. साधारण पाऊण तास ते एक तास. इतका वेळ मुद्दाम ठेवतात. पहिली पंधरा मिनिटं सगळेच सावध असतात, लक्ष ढळतं ते नंतर.

मागच्या सीटवरून काय टिपलं जातं? आरशात बघण्याची लय टिकते का. गाडी हळूहळू एका बाजूला सरकते का. दुर्लक्ष असलेल्यांची गाडी बऱ्याचदा पांढऱ्या पट्ट्यापासून ढळत जाते आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो. हिरवा लागल्यावर मागचा हॉर्न वाजेपर्यंत थांबून राहणं. उजवीकडे वळताना समोरच्या गाडीचा वेग चुकीचा धरणं. "पुढच्या चौकात डावीकडे, मग पेट्रोल पंपापाशी थांबा," अशी दोन सूचनांची आज्ञा दिली की वेग आपोआप कमी होणं किंवा दुसरी सूचना गळून जाणं.

उशिराची किंमत थोडं गणित करून बघू. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. ताशी 60 ने जवळपास 17 मीटर. प्रतिक्रियेला एक सेकंद जास्त लागला, तर ब्रेक लागण्याआधी गाडी तेवढी पुढे गेलेली असते. 11 मीटर म्हणजे झेब्रा क्रॉसिंग पार करून पलीकडे.

तपासणीत चुकांची नुसती बेरीज नसते. इंडिकेटर न देणं, एका हाताने स्टिअरिंग धरणं या जुन्या सवयी आहेत. निरोगी चालकही त्या करतात आणि त्या सुधारता येतात. प्रशिक्षकाला स्वतः ब्रेक मारावा लागला किंवा स्टिअरिंगला हात घालावा लागला, ही मात्र वेगळ्या जातीची नोंद. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी थांबवून विचारलेला प्रश्न : "आत्ता मी ब्रेक का मारला?" काकांना सांगता आलं तर शिकवण्याला वाव आहे. "तुम्ही उगाच मारलात," असं उत्तर आलं तर तोही निकालाचाच भाग असतो.

दुचाकीचा प्रश्न महाराष्ट्रात टाळून चालणार नाही, कारण कितीतरी घरांत गाडी म्हणजे स्कूटरच. तिला ड्युअल कंट्रोल नसतो. मागे बसून कुणी वाचवू शकत नाही. त्यात तोल सांभाळायचा, तोही सर्वांत जास्त लागतो तो अगदी हळू चालताना, म्हणजे नेमका गर्दीत. मोटरसायकलचा क्लच डाव्या हाताला, गिअर डाव्या पायाला. बिनगिअरच्या स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या हाताला. मोकळ्या मैदानावर हळू चालवणं, आठाचा आकडा, अचानक थांबणं, मान वळवून मागे बघताना गाडी सरळ ठेवणं एवढं तपासता येतं. रहदारीत काय होईल, हे अंदाजानेच ठरवावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे : डाव्या बाजूचं थोडंही दुर्लक्ष उरलं असेल, तर मोटारीला परवानगी मिळाली तरी दुचाकी नको. घरची सून किंवा नातू मागे बसणार असतील तर अजिबातच नको.

आता निर्णय. तो हो किंवा नाही एवढाच असतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मधल्या बऱ्याच पायऱ्या असतात. काहींना अटींसह परवानगी मिळते : फक्त दिवसा, ओळखीच्या रस्त्यांवर, महामार्ग नाही, रेडिओ आणि फोन बंद, ऑटोमॅटिक गाडी. काहींना आधी सराव दिला जातो. काकांसारख्यांना दर काही सेकंदांनी मान डावीकडे नेण्याची सवय शिकवतात, आधी टेबलावर, मग चालताना, मग प्रशिक्षकासोबत गाडीत. काहींना "सध्या नाही, काही महिन्यांनी पुन्हा" असं सांगतात, कारण झटक्यानंतरची सुधारणा पुढेही चालू राहते. स्मृतिभ्रंशात उलट असतं. तिथे घसरण चालू राहते, म्हणून आज परवानगी दिली तरी साधारण 6 महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. आणि काहींना कायमचं थांबायला सांगावं लागतं.

तज्ज्ञांचा अहवाल हा सल्ला असतो. लायसन देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार आरटीओचा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 16 प्रमाणे, आजारामुळे माणूस चालवायला अपात्र आहे असं मानायला सबळ कारण असेल तर परवाना अधिकारी वैद्यकीय दाखला मागू शकतात किंवा लायसन रद्द करू शकतात. अपात्र आहोत हे माहीत असूनही चालवणं हा कलम 186 खाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड पहिल्या वेळी 1000 रुपये आणि पुढे 2000 रुपये आहे. रक्कम छोटी आहे. कुणी जखमी झालं तर मात्र प्रश्न दंडावर थांबत नाही.

"चालवू नका" हे कुणी सांगायचं? शक्यतो मुलाने किंवा सुनेने नाही. ते तज्ज्ञाने सांगावं, काकांना समोर बसवून, त्यांचाच ताऱ्यांचा कागद आणि रस्त्यावरच्या नोंदी दाखवून. घरच्यांनी त्या वेळी गप्प बसावं. "मी म्हटलंच होतं" हे वाक्य त्या खोलीत कुणीही उच्चारू नये. गाडी जाणं म्हणजे मंडईत स्वतः जाणं, मित्राला स्टेशनवर सोडणं, कुणाला न विचारता उठून निघणं, हे सगळं एकदम जाणं. त्याचं दुःख खरं असतं आणि ते बोलून दाखवायला माणसाला वेळ द्यावा लागतो. किल्ली लपवणं, बॅटरीची वायर काढून ठेवणं हे उपाय ज्याला सांगितलेलं आठवतच नाही अशा रुग्णासाठी ठेवा. ज्याला समजतं त्याच्याशी असं वागलं तर विश्वास तुटतो आणि पुढच्या तपासणीला तो येतच नाही.

थेरपिस्टचं काम इथे संपत नाही, संपू देऊही नका. काका आठवड्यात कुठे कुठे जात होते ती पहिल्या भेटीतली यादी परत काढायची आणि एकेका ठिकाणाची सोय काकांनीच सुचवायची : बँक ऑनलाइन की शेजाऱ्यासोबत, दवाखाना रिक्षाने, भाची राहते त्या गावी एसटीने. रिक्षाचं ॲप वापरणं, बसच्या पायऱ्या चढणं, गर्दीत उतरण्याचा थांबा ओळखणं हेही झटक्यानंतर नव्याने शिकावं लागतं आणि थेरपिस्ट ते शिकवतात. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना सोबत कुणीतरी जावं. राज्याच्या एसटीत 65 ते 75 वयाच्यांना निम्मं भाडं आहे आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवावा लागतो, तेव्हा आधार कार्ड काकांच्या खिशात, लायसन असायचं त्याच जागी, आजच ठेवून द्या.